कोरं म्हणजे शून्य नव्हे

प्रिय मुली,

सलाम.

काल तू ओट्यावर बसून रडत होतीस तेव्हा मी आत चहा गाळत बसलो. चहा गाळायला एवढा वेळ लागत नाही, हे तुलाही कळलं असेल. समजूत घालणं मला कधी जमलं नाही. घरात बायको होती तोवर ते खातं तिच्याकडे होतं. मला लिहिता येतं, म्हणून लिहितोय.

कॉलेजच्या संशोधन-स्पर्धेत तू बोललीस चांगली. हात थरथरत होता, पण आवाज नाही. यापुढे कौतुक नाही. मला बोलायचंय ते तुझ्या सातव्या स्लाइडबद्दल, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आपल्या चर्चच्या मंडळीत झालेल्या दफनांच्या आलेखाबद्दल.

सप्टेंबर १९१८ पर्यंत तुझी रेघ वर चढत जाते. ऑक्टोबरला ती धपकन शून्यावर येते, नोव्हेंबरलाही शून्य, आणि डिसेंबरात पुन्हा वर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "सगळीकडे माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती, आणि तुमच्या मंडळीत ऑक्टोबरात एकही मेलं नाही? काय खात होते हे लोक?" हॉल हसला. ज्या हॉलमध्ये सकाळी आपण शास्त्रपाठ वाचतो, तोच हॉल. तू खाली बघत राहिलीस. नंतर तुझ्या सरांनी सांगितलं की ते दोन महिने उडव, सप्टेंबरची रेघ डिसेंबरला जोडून टाक, विद्यापीठाच्या फेरीत कोण विचारतंय. आणि काल तू मला विचारलंस: उडवू की ठेवू?

आधी मला सांग, ते शून्य तू आणलंस कुठून?

ती दफनांची नोंदवही मी पाहिली आहे. खाकी पुठ्ठा, पाठीला कापड, वरचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. नाव, वय, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, मृत्यूचे कारण, विधी कोणी केला. कारणाच्या रकान्यात ताप, जुलाब, गाठ, म्हातारपण, आणि तान्ह्या पोरांपुढे नुसतं 'अशक्त'. त्या अख्ख्या वहीत शून्य कुठेही नाही. तिथे सप्टेंबरची शेवटची नोंद आहे आणि खाली अर्धं पान कोरं आहे. ते शून्य तू एक्सेलमध्ये टाकलंस, कारण रकाना मोकळा राहिला की आलेख नीट येईना. हो ना?

कोरं म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे कुणीतरी मोजलं आणि काही सापडलं नाही. कोरं म्हणजे मोजायला कुणी बसलंच नाही. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. तू त्या कोऱ्या जागेत एक गोल काढलास आणि एका आजारी गावाला ठणठणीत केलंस. आता तुझे सर म्हणतात रेघ जोडून टाक. म्हणजे तेही कोरं भरायलाच निघालेत, फक्त वेगळ्या रंगाने. दोन्ही नको. कोरं ते कोरं ठेव. रेघ तोड. मधे राखाडी पट्टा दे आणि त्यावर लिही, 'नोंद नाही'.

आणि त्या पट्ट्यासमोर उभी राहून बोल, कारण तुझं संशोधन तिथेच आहे. बाकीच्या अकरा स्लाइड कुणीही केल्या असत्या.

डिसेंबरच्या नोंदींचं अक्षर वेगळं आहे, हे तू मला काल उंबऱ्यात चपला घालता घालता सांगितलंस! 'सर, शाई पण जांभळी आहे.' अगं, मग स्लाइडवर का नाही? तर म्हणे तो डेटा नाही. मग काय आहे? आधीच्या पाळकांचं अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. डिसेंबरपासून मोठी मोठी अक्षरं, पाटीवर गिरवल्यासारखी. आणि शेवटचा रकाना बघितलास? सप्टेंबरपर्यंत 'विधी कोणी केला' याखाली पाळकांची सही आहे. डिसेंबरात तिथे 'मंडळीचे वडील', म्हणजे चर्चमधले जाणते, असं लिहिलंय. पाळकाचं नाव नाही. मी ते वाचलं तेव्हा वही मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

आता तू उड्या मारशील. पाळकसाहेब साथीत गेले, असं ठोकून देशील. थांब! तेही कोरं भरणंच झालं. त्यांची बदली झाली असेल. बायको आजारी पडली म्हणून ते गावी गेले असतील. खेड्याखेड्यांतून दफनं करत फिरत असतील आणि वही इथे पडून राहिली असेल. तुला एवढंच म्हणता येतं की हात बदलला, शाई बदलली, आणि मधले दोन महिने कुणी लिहिलं नाही. एवढं म्हण आणि गप्प राहा. परीक्षकाला गप्प बसलेलं माणूस आवडत नाही, ते चालेल.

बाकीचं शोधायला तुझ्याकडे वाटा आहेत. मिशनचा 'ज्ञानोदय' हा नियतकालिक अंक १८४२ साली इथेच नगरला सुरू झाला. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांचे अंक मिळाले तर मृत्यूच्या बातम्या बघ. मुंबई इलाख्यात साथीची दुसरी लाट सप्टेंबरात चढली आणि ऑक्टोबरात कळसाला गेली. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणजे आधीच पोट खपाटीला गेलेली माणसं. १९११ ला आजच्या हद्दीतल्या भारताची लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती, १९२१ ला ती २५ कोटी १३ लाख भरली. भारताच्या जनगणनेत दहा वर्षांत माणसं कमी झाली असं हे एकच दशक. पण हे मोठे आकडे आणून आपल्या मंडळीच्या कोऱ्या पानावर चिकटवू नकोस. ते शेजारी ठेव. त्या वर्षी सरकारी मृत्यूनोंदीही विस्कटल्या होत्या, कारण नोंदी घेणारेही अंथरुणालाच खिळले होते.

तुला वाटेल म्हातारा एका शून्यासाठी एवढा का तडतडतोय. तर ऐक. हे मी फार थोड्या जणांना सांगितलं आहे.

१९८३ साली मी एम.फिल. करत होतो. विषय होता १८९९–१९०० च्या दुष्काळात मिशनच्या वसतिगृहांत आलेली मुलं. मला एक दाखल-वही मिळाली होती. नाव, वय, गाव, बापाचे नाव. पुष्कळ ठिकाणी बापाच्या नावाचा रकाना कोरा. मी काय केलं असेल? जिथे कोरं, तिथे 'अनाथ' मोजलं. नावं तर उतरवलीच नाहीत, नावांना वेळ लागतो. नुसती वयं घेतली आणि अनाथ आहे-नाही याच्या काड्या मारल्या. मग कंपासने वर्तुळ काढलं, स्केचपेनने भाग रंगवले. त्यातला लाल भाग अनाथांचा, निम्म्याहून मोठा. सेमिनारला लोक हळहळले. मला फार बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी बाई काठी टेकत जवळ आली. म्हणाली, "माझी आई असंल बघा तुमच्या त्या वहीत. पन तिला बाप व्हता की. खडी फोडाया गेल्ता सरकारी कामावर. पोरगी उपाशी मरू नये म्हनून मिशनात ठिवली. पाऊस झाल्यावर न्याया आला. त्याचं नाव कुनी इचारलंच नसंल."

मी म्हणालो, "असं का."

बस. एवढंच म्हणालो. पंधरा दिवसांनी प्रबंध होता तसा दिला. लाल भाग होता तेवढाच राहिला. पदवी मिळाली, त्यावर वेतनवाढ मिळाली, आणि ती वेतनवाढ मी बत्तीस वर्षं खाल्ली. आता निवृत्तिवेतनातही ती आहेच. बऱ्याच वर्षांनी मी ती दाखल-वही पुन्हा बघायला गेलो, तर कपाटात वाळवीची माती होती. नावं माझ्याकडे नव्हती. त्या बाईची आई कोणती, हे आता मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. एका माणसाचा बाप मी स्केचपेनने मारला, असं म्हटलं तरी चालेल.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे एकच बसलंय. कॉलेजात मला मागे 'कोरे सर' म्हणायचे, ते मला ठाऊक आहे. 'आविष्कार', म्हणजे विद्यापीठांची ही संशोधन-स्पर्धा, २००६ साली सुरू झालं. त्याआधी असल्या सादरीकरणांना चार टाळकी आणि एक पंखा असायचा. 'आविष्कार'नंतर पोस्टर आली, फ्लेक्सवाले आले, टाय आले. निवड समितीत मी दरवर्षी असायचो, आणि दरवर्षी एकच विचारायचो: मूळ वही कुठे आहे? एका वर्षी तीन पोरांनी विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली होती. काम छान, पोस्टर देखणं. वही मागितली तर एप्रिल-मेचे रकाने कोरे. पोरं सुट्टीला घरी गेली होती. पोस्टरवर मात्र एप्रिल-मेचे आकडे छापलेले, मागच्या-पुढच्या महिन्यांची सरासरी काढून. आदल्या संध्याकाळी मी त्यांचं नाव काढलं. प्राचार्य चिडले. एवढंसं कॉलेज, वर जाणारी एकच प्रवेशिका, तीही गेली. एकाचे वडील घरी येऊन म्हणाले, फ्लेक्सचे पैसे उसने आणले होते.

त्यातला एक मुलगा आता स्टँडजवळ दुकान चालवतो. मी त्याच्या शेजारच्या दुकानातून सामान घेतो.

मी चुकलो नाही. खोटे आकडे ते खोटे आकडे, आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात किती होतं हाच तर सगळा प्रश्न होता. आजही मी तेच करीन. फक्त एवढं कबूल करतो की त्यांना समोर बसवून, त्या छापील आकड्यांवर पेनाने काट मारून 'मोजले नाही' असं लिहायला लावता आलं असतं. पोस्टर विद्रूप दिसलं असतं, पण गेलं असतं. त्या संध्याकाळी माझ्यासमोर ती काठीवाली म्हातारी उभी होती. पोरांना ती कशी दिसणार? पण मी चुकलो नाही.

असो. तुझ्या बाबतीत वेळ आहे, म्हणून हे पान खरडतोय.

आपलं कॉलेज लहान आहे, इतिहासाला दीड प्राध्यापक आहेत, ग्रंथालय सहाला बंद होतं, ही रड मला सांगू नकोस. मोठ्या कॉलेजच्या पोराच्या हातात ती वही कुणी दिलीच नसती. तुला मिळाली, कारण पाळकसाहेब तुझ्या आजीला ओळखतात आणि तू लहानपणी नाताळच्या नाटकात मेंढी झाली होतीस. मेंढीला मिळालेली वही आहे ती. तिची लाज राख.

इंग्रजीत बोलायचं की मराठीत, हे विचारलंस. मराठीत बोल. वही मराठीत आहे. 'गाठ'चं भाषांतर स्लाइडवर 'प्लेग' असं करून टाकलंयस, तेही काढ; 'गाठ' लिही, आणि ती प्लेगची असावी असं तोंडाने सांग. सारांशात 'महत्त्वपूर्ण अंतर्दृष्टी' असे शब्द आहेत. ते तुझे नाहीत. मोबाइलला विचारून लिहिलंस ना? मोबाइलला तर कोरं सहनच होत नाही, विचारलं की भरून देतो.

लूकाचं शुभवर्तमान पुन्हा उघडून बघ. सुरुवातीलाच तो सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन लिहितोय. आणि मग बारा वर्षांचा मुलगा मंदिरात दाखवून तो सरळ सुमारे तीस वर्षांच्या माणसावर येतो. मधे एक वाक्य, मुलगा वाढत गेला म्हणून. बस. पुढे लोकांनी त्या अठरा वर्षांत येशूला पार लडाखपर्यंत फिरवून आणलं. लूकाने नाही आणलं. रविवारी आपण हे इतक्यांदा ऐकतो, पण पाळक ते मधलं पान कधी दाखवत नाहीत.

तुझ्या सरांशी भांडू नकोस. ते वाईट नाहीत, त्यांना कॉलेजचं नाव वर जायला हवंय. त्यांना राखाडी पट्टा दाखव आणि म्हण की कोरे सरांनी करायला लावलं. शिव्या मला घालतील. मला सवय आहे.

शनिवारी सकाळी आठला ये. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली मी मागून ठेवली आहे. १९१८ च्या बाजूला दगड फारसे नाहीत, नुसते उंचवटे आहेत. दगडाला पैसे कोणाकडे होते? तरी मागच्या भिंतीकडे एक-दोन पाट्या मला आठवतात. त्या बारीक, झुकत्या अक्षरवाल्याचं नाव त्यांवर आहे का, एवढं बघू. नसलं तर नसलं. वही आण, पेन्सिल आण, आणि बूट घालून ये. गाजरगवत गुडघ्याएवढं झालंय.

तुझा,
सर