मुलगा ‘नको’ म्हणतोय, ते ऐका

प्रश्न : मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं आहे. कंपनी त्याला टीम लीड (टीमचा प्रमुख) करायला तयार आहे, पण त्याला कोडिंगच करायचंय. वय 28. स्थळं आली की आधी पद विचारतात. त्याला एमबीएला बसवावं का? – एक वडील, सांगली

उत्तर : तुमचा कमावता मुलगा स्पष्ट ‘नको’ म्हणतोय आणि तरी त्याला कुठं बसवायचं हे तुम्ही मला विचारताय, याचीच मला जास्त काळजी वाटते. लग्नाच्या बैठकीत जे पद एकदा सांगायचं, ते त्याला पुढं वर्षानुवर्षं निभवायचंय. पाहुण्यांना नव्हे.

कॅट, राज्याची एमबीए सीईटी हे रस्ते आहेतच. नोकरी सांभाळून परीक्षा देता येतात. आज तो प्रश्नच नाही.

कोडिंग उत्तम जमलं की पुढची पायरी मॅनेजरची, ही समजूत आधी सोडा. ते काम मुळातच वेगळं आहे. गूगलनं 2002 मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढूनच टाकले होते. काही महिन्यांत प्रयोग गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं घेऊन माणसं थेट कंपनीचा सहसंस्थापक लॅरी पेजकडे जाऊ लागली. पुढं चांगला मॅनेजर कसा असतो हे त्याच कंपनीनं शोधलं, तेव्हा निघालेल्या आठ गुणांत माणसं घडवणं पहिलं होतं आणि तांत्रिक ज्ञान शेवटचं.

स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, एखादा मुलगा सलग तीन दिवस ‘उद्यापर्यंत होईल’ म्हणतो. तो अडकलाय आणि चारचौघांत बोलायला लाजतोय, हे लीडनं ओळखायचं. अप्रेझलला, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाच्या वेळी, मन लावून राबलेल्या मुलीला कमी रेटिंग का आलं, ते तिला समोर बसवून सांगायचं. काम रखडलं की वरून माणसं वाढवण्याचा आग्रह होतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जाऊन ते आणखी रखडतं, हे सॉफ्टवेअर तज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहिलंय. तरी साहेबांना पटवायचं लीडनंच. ज्याला यात रस नाही त्याला ढकललंत, तर टीममधली पोरंही भोगतील.

कोडिंगमध्ये राहूनही सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर अशा वरच्या तांत्रिक पदांवर जाता येतं. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत अशा जागा मोजक्या, स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांत जास्त. तेव्हा त्यानं एमबीएपेक्षा कंपनी बदलायचा विचार करावा.

नकार आवडीतून आहे की भीतीतून, हे मात्र त्यानंच तपासावं. एका फ्रेशरला, म्हणजे नुकत्याच नोकरीला लागलेल्याला, सहा महिने शिकवायची जबाबदारी मागून घ्यावी. त्याचा अडलेला कोड स्वतःच लिहून टाकायचा मोह आवरला आणि त्याला शिकवण्यात गोडी वाटली, तर लीडपदाचा पुन्हा विचार करू. तेव्हाचं पत्र त्याला लिहू द्या.