व्हीएनसी लॉगिनच्या आधीच उठला पाहिजे. ऑटोलॉगिन हा इलाज नव्हे

तुमचा प्रश्न असा की लिनक्स मशीन चालू होतं, पण कुणीतरी समोर बसून लॉगिन केल्याशिवाय व्हीएनसी (लांबून त्या मशीनचा पडदा बघून ते चालवायची सोय) जोडला जात नाही. नाहीच जोडला जाणार. 'स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स'मध्ये टाकलेलं काहीही लॉगिननंतरच चालतं. एक्स११व्हीएनसी या व्हीएनसी सर्व्हरची सिस्टीमडी सर्व्हिस लिहा, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम त्याला स्वतःच उठवेल. ती डिस्प्ले मॅनेजरनंतर, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनंतर, सुरू होईल असं बघा आणि सिस्टीमसीटीएल या कमांडने इनेबल करा. 'ऑथ गेस' आणि 'फॉरेव्हर' हे दोन्ही पर्याय द्या. 'ऑथ गेस'ने तो पडद्याची परवानगी देणारी फाइल स्वतः शोधतो. 'फॉरेव्हर' विसरलात तर पहिली जोडणी तुटली की सर्व्हर बंद.

हे मी तावातावाने सांगतोय, कारण वेंगुर्ल्याला काकांच्या काजू कारखान्यात माझ्या मेव्हण्याने नेमकं ते 'स्टार्टअप'वालं करून ठेवलं होतं. मी रत्नागिरीत. काजू बीची आवक, बायकांची मजुरी, बिलं, सगळं त्या एका मशीनवर. जूनमध्ये लाइट गेली, रात्री परत आली. मशीन आपोआप चालू झालं आणि लॉगिनच्या पडद्यावर अडकलं. इकडे वाशीला निघालेला ट्रक वाटेत उभा, ड्रायव्हर बिलासाठी फोनवर फोन करतोय. काका आजारी, म्हणून काकीला उठवावं लागलं. बहात्तर वर्षांची बाई डोक्यावर इरलं घेऊन, हातात बॅटरी धरून, निसरड्या पाखाडीवरून कारखान्यात गेली. कीबोर्डसमोर बसून मला फोनवर विचारते, "अरे, ह्या मोठा अक्षर कसा काढूचा?" शिफ्ट दाबून धरायची हे समजावताना बाहेर विजा कडाडत होत्या.

मेव्हण्याचं म्हणणं, मग ऑटोलॉगिन लाव, विषय संपला. नाही लावणार. ती खोली माल उतरवणाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वही उघडी मिळेल. "काकी असतेच की तिथे" हे त्याचं दुसरं म्हणणं. घरातलं माणूस आहे म्हणून त्याला पावसात धाडायचं, याला मी व्यवस्था म्हणत नाही. सर्व्हिस लावल्यापासून काकीला उठवावं लागलेलं नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

आता राहिलेलं. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑन' करा, नाहीतर लाइट आल्यावर मशीनच उठणार नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. व्हीएनसीचा ५९०० पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. सर्व्हिसला 'लोकलहोस्ट' द्या, म्हणजे ती फक्त त्याच मशीनवरून आलेली जोडणी घेईल, आणि एसएसएचच्या (कूटबद्ध जोडणीच्या) बोगद्यातून या, कारण व्हीएनसीचा नेहमीचा पासवर्ड पहिली आठच अक्षरं बघतो. आणि हे सगळं एक्स११वर (लिनक्सची पडदा दाखवायची जुनी पद्धत), तेही लाइटडीएम या डिस्प्ले मॅनेजरसोबत सरळ चालतं. तुमच्याकडे वेलँड ही नवी पद्धत असेल तर एक्स११व्हीएनसी कामाचा नाही. आधी लॉगिनच्या पडद्यावरून एक्स११चं सेशन निवडता येतंय का ते बघा.