बीएस-६ डिझेलमधलं गंधक फ्युएल सेलला का चालत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: बीएस-६ डिझेलमध्ये गंधक फार तर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) असताना फ्युएल सेलसाठी, म्हणजे इंधन न जाळता रासायनिक क्रियेने वीज बनवणाऱ्या संचासाठी, ते आणखी का काढायचं, आणि डिझेलऐवजी गोबरगॅस चालेल का.

१० पीपीएम इंजिनाला चालतं, कारण तिथे गंधक जळून धुराबरोबर निघून जातं. फ्युएल सेलला इंधन देण्यासाठी आधी त्यातून हायड्रोजन काढावा लागतो. त्या वेळी गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि इंधनाचे रेणू निकेलच्या उत्प्रेरकावर जिथे फुटायचे, नेमक्या त्याच जागा अडवून बसतो. हजार लिटर डिझेलमध्ये गंधक जेमतेम आठ ग्रॅम, पण ते साचत जातं. ८०० अंशांवर चालणाऱ्या सॉलिड ऑक्साइड (सिरॅमिकच्या) सेलमध्ये एखाद्या पीपीएमनेही व्होल्टेज घसरतं. गाड्यांतले प्लॅटिनमवाले सेल त्याहून नाजूक. गाड्यांच्या हायड्रोजनसाठी आयएसओ १४६८७ मानकात एकूण गंधकाची मर्यादा ०.००४ पीपीएम आहे!

खरी अडचण उरलेलं गंधक कुठल्या रूपात आहे, ही. रिफायनरीत कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावर, हायड्रोजनच्या दाबाखाली सोपी संयुगं आधीच निघून गेलेली असतात. मागे राहतात डायबेन्झोथायोफीन या गंधकयुक्त, वलयांच्या संयुगाची चिवट भावंडं. त्यांच्यातला गंधकाचा अणू दोन मिथाइल गटांच्या आड दडलेला असतो, उत्प्रेरकाला तिथवर पोचताच येत नाही. ते काम घरगुती यंत्रात करायचा हट्ट मी धरणार नाही.

गॅसचं तसं नाही. जपानमध्ये २००९पासून विकले जाणारे एने-फार्म हे घरगुती संच शहरी गॅसवर किंवा एलपीजीवर चालतात. त्या गॅसमधलं गंधक मुख्यतः गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेल्या वासाच्या द्रव्यातलं असतं; ते संचातच काढून टाकतात.

गोबरगॅस चालेल, पण त्यात हायड्रोजन सल्फाइड शेकड्यांनी पीपीएम असतो, कधी हजारांतही. आधी आयर्न ऑक्साइड, मग ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि रिफॉर्मरच्या (इंधनातून हायड्रोजन काढणाऱ्या भागाच्या) तोंडाशी ३५० अंशांच्या आसपास तापवलेला झिंक ऑक्साइड, असा क्रम ठेवा. पहिल्या टप्प्याला दोन टाक्या एकापाठोपाठ जोडा आणि मधल्या नळीतला गॅस डिटेक्टर ट्यूबने (हायड्रोजन सल्फाइड लागला की रंग बदलणाऱ्या काचेच्या नळीने) तपासत राहा. वासावर विसंबू नका, प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. वापरून काळं पडलेलं आयर्न ऑक्साइड बाहेर काढताना ओलं ठेवा. हवा लागली की ते तापतं, पेटही घेतं.