चौथ्या चमच्याला रडू आलं, त्याबद्दल

अरे,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. सूपचे तीन चमचे गेले, पोट गच्च झालं, चौथा चमचा हातात तसाच धरून तू रडत बसलास आणि मग स्वतःवरच उखडलास की एवढा घोडा झालोय आणि सूपवरून रडतोय. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं, पण ओळखीचं. माझ्या स्लीव्हला, म्हणजे वजन उतरवायला जठर कापून लहान करायच्या तुझ्यासारख्याच सर्जरीला, आता नऊ वर्षं झाली, आणि अकराव्या दिवशी मी घरात स्वयंपाकाच्या वासावरून भांडण काढलं होतं, नुसत्या वासावरून बरं का! दार आपटून आत गेले आणि उशीत तोंड खुपसून स्वतःलाच शिव्या घातल्या, की कुणी सांगितलं होतं पोट कापून घ्यायला.

तू विचारलंयस, सर्जरीचा माझा निर्णय चुकला का. सर्जरीनंतर तिसऱ्या आठवड्यात या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच नाही. आत्ता तुझ्या शरीरात काय चाललंय बघ ना, जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलाय, भूक लावणारं घ्रेलिन जास्त करून त्याच भागात बनायचं ते धाडकन खाली आलंय, चरबीत हार्मोन्स साठतात आणि बनतातही, ती भराभर उतरायला लागली की तेही गणित हलतं, वर पोटात जातंय जेमतेम वाटीभर पातळ काहीतरी आणि झोपेचे तर बाराच वाजलेत. अशात तुझा मूड अगदी जागेवर असता तर मलाच शंका आली असती. हा पहिला झटका बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो.

मला खरं बोलायचंय ते त्यानंतरचं. कारण हार्मोन्स शांत झाले तरी एक गोष्ट उरते, ती कुणी धड सांगत नाही. तू आणि मी, आपण खाण्याला एक जास्तीचं काम लावलं होतं. बॉस बोलला की खा, कुणी नाही म्हटलं की खा, पास झालो की खा, काहीच झालं नाही तर कंटाळा आला म्हणून खा. सर्जनने पोट लहान केलं, पण ते काम कुणाकडे द्यायचं हे नाही ठरवून दिलं, ते त्यांचं खातंही नाही. मी रोज संध्याकाळी सातला फ्रिजचं दार उघडून उभी राहायचे, भूक शून्य, तरी दार उघडं, थंड हवा पायावर येतेय आणि मी आत बघतेय. मग फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला, उघडायच्या आधी फक्त लिहायचं की आत्ता काय झालं. निम्म्या वेळा लिहिलं होतं ‘काही नाही’. आणि एका आठवड्यात चार वेळा एकाच माणसाच्या फोनचा उल्लेख होता! ते बघून मी चक्क बसले खाली. वीस वर्षं मला वाटत होतं की मी चटोर आहे.

तुझ्या कागदावर काय येईल माहीत नाही, पण लिही. आणि ती मोकळी जागा दुसरं काय भरतंय त्यावर नजर ठेव. मी ऑनलाइन शॉपिंगवर गेले होते, न फोडलेल्या पार्सलचा ढीग लागला होता. दारूबद्दल मात्र मी चेष्टा करणार नाही. सर्जरीनंतर, गॅस्ट्रिक बायपासवाल्यांना (हृदयाचा नव्हे, जठर लहान करून आतड्याला जोडतात तो) तर जास्तच, ती लवकर आणि जोरात चढते, आणि ज्यांना आधी कधी त्रास नव्हता अशा काहींना दुसऱ्या वर्षापासून सवय लागल्याचं अभ्यासांत दिसलंय. तेव्हा एकाने काय होतंय हे तुझ्यासाठी नाही.

लोकांचं एक वेगळंच. पाच-सहा महिन्यांनी सगळे तुझं कौतुक करायला लागतील आणि तुला आनंद व्हायच्या ऐवजी राग येईल, की मग आधी मी कोण होतो? येऊ दे राग. डोकं शरीराच्या मागे असतं, मी तीस किलो उतरल्यावरसुद्धा दोन खुर्च्यांमधून आडवी होऊन जायचे आणि लोकांना सॉरी म्हणायचे. वजनकाटाही मध्येच हट्टाला पेटतो, दोन-तीन आठवडे एक ग्रॅम हलत नाही, तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळतात (परत येतात, बहुतेकांचे). काट्यावर आठवड्यातून एकदाच चढ, मी दिवसातून चारदा चढायचे आणि चारदा दिवस खराब करायचे.

पण सगळं मनावर ढकलू नकोस हां. बी१२, लोह, डी कमी झालं तरी माणूस गळून जातो, उदास होतो, म्हणून गोळ्या आयुष्यभर आणि ब्लड टेस्ट वेळच्या वेळी. उलट्या थांबतच नसतील आणि वर तोल जातोय, गोंधळल्यासारखं होतंय, एकाचे दोन दिसतायत तर सरळ हॉस्पिटल गाठ, बी१ ची कमतरता वाट बघत नाही. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवण कर, काही गोळ्या, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या, सर्जरीनंतर आधीसारख्या अंगी लागत नाहीत. मनाने बंद मात्र करायची नाही. आणि दोन-दोन आठवडे कशातच जीव लागेना, किंवा जगून काय करायचं असा विचार एकदा जरी आला, तर त्याच दिवशी सांगायचं, मला, डॉक्टरांना, जो पहिला फोन उचलेल त्याला. रात्री दीडलाही चालेल, पण मेसेज नको, फोन कर.

परवा तुझा फॉलोअप आहे ना. ते विचारतील, कसं चाललंय. तू सवयीने ‘मस्त’ म्हणशील, मी सहा महिने मस्तच म्हणत होते आणि काउन्सेलरकडे जायला सातवा महिना उजाडला. तू सूपचं सांग. चौथ्या चमच्यासकट.

तुझी,
ताई