कथेत दोन विरुद्ध विचारांची पात्रं आहेत, तरी ताण का येत नाही?

तुमच्या कथेत दोन भाऊ आहेत, एक आधुनिक, एक परंपरावादी. पानोपानी भांडतात तरी कथा सपाट वाटते, ताण कसा आणायचा, असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागणारा आहे, म्हणून लांबण लावतोय.

आधी एक स्पष्ट सांगतो. ‘आधुनिक’ आणि ‘परंपरावादी’ या पाट्या आहेत. त्या माणसांच्या गळ्यात अडकवल्या की माणसं बोलायची थांबतात आणि पाट्या बोलायला लागतात.

आम्ही सांगलीवाडीचे, म्हणजे सांगलीसमोरच्या कृष्णाकाठचे. 2005 च्या महापुरात पाणी आमच्या सोप्यात उंबऱ्यापासून कमरेएवढं चढलं होतं. पाणी ओसरल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं भिंतीवर गेरूनं आडवी रेघ मारली. दर दिवाळीला रंग दिला की ती रेघ पुन्हा मारायची, हा नियमच झाला.

ऑगस्ट 2019 ला कृष्णा परत चढली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांना गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे वाडीत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. 45 ओलांडलं तसं चुलते, तात्या, ट्रॅक्टर घेऊन दारात आले. “बायका-पोरं चढवा. रस्ता हाय तवर निघायचं.” आण्णा रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “ह्येच्या वर पाणी येत न्हाई.” तात्यांनीही त्याच रेघेवर हात ठेवला. “हितवर आलंतं न्हवं? मग वर यायला त्याला काय लागतंय?”

मी दोघांच्या मधे उभा होतो. रेघ एकच. आण्णांना ती पाण्याची हद्द वाटत होती, तात्यांना पाण्यानं दिलेली धमकी. कारण 2005 ला आण्णा दावणीजवळ थांबले आणि त्यांनी दोन्ही म्हशी वाचवल्या. तात्या त्याच पुरात तापानं फणफणलेली दीड वर्षांची लेक मांडीवर घेऊन दोन दिवस माळ्यावर बसले होते. पूर तोच, पण त्यानं दोघांना वेगवेगळं शिकवलं.

तात्या सगळ्यांना घेऊन गेले. आण्णा राहिले. जाताना तात्यांनी एकदा शेवटचं विनवलं, तर आण्णा एवढंच म्हणाले, “म्हस काय नावंत बसतीया का?” त्यातली एक गाभण होती. पुढं रेघ बुडाली, आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आण्णांनी विळ्यानं दावी कापली आणि स्लॅबवर चढले, तिथून त्यांना नावेनं आणलं. एक म्हैस परत मिळाली. गाभण होती ती नाही मिळाली. तात्यांनी आजवर एकदाही “मी सांगत हुतो” असं म्हटलेलं नाही.

2022 ला मी यावर एकांकिका लिहिली. दिग्दर्शकांचं म्हणणं, कुणाची बाजू घ्यायची हे प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे. त्यांनी आण्णांना अडाणी, आरडाओरडा करणारा हट्टी म्हातारा केलं आणि म्हशीचं वाक्य कापलं. प्रयोगाला लोक हसले. आण्णा तिसऱ्या रांगेत बसले होते. रात्री जेवताना त्यांनी एकच विचारलं, “म्हशीचं का काढलंस?”

मी तेव्हा दिग्दर्शकांना खाडिलकरांचं उदाहरण दिलं होतं. आमच्याच सांगलीत जन्मलेला हा नाटककार. त्यांच्या 1907 च्या ‘कीचकवधा’त लोकांनी कीचकात व्हाइसरॉय कर्झन, भीमात जहाल आणि धर्मराजात मवाळ ओळखला, आणि सरकारनं 1910 ला नाटकावर बंदी घातली. नाटकाचा कल भीमाकडे, हे उघड आहे. पण धर्मराज मूर्ख नाही. अज्ञातवास संपायला थोडेच दिवस उरलेत, ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास, हे त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. आणि द्रौपदीला आज रात्रीच न्याय हवा, हेही खोडता येत नाही. म्हणून जीव टांगणीला लागतो. दिग्दर्शक म्हणाले, ते दिवस गेले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. एकाला मूर्ख ठरवलंत की निकाल आधीच लागतो, मग ताण कशाचा?

तर तुमच्या कथेबद्दल. दोघा भावांना एकच वस्तू द्या, घर, विहीर, आईचं आजारपण, काहीही, आणि ती दोघांना दोन तऱ्हेनं दिसू दे. जे तुम्हाला पटत नाही त्या भावाच्या बाजूनं आधी चार पानं लिहा. ती लिहिताना तुमचं मन डळमळलं नाही तर अजून तो तुम्हाला कळलेला नाही. त्यांना एकमेकांपासून उठून जाता येऊ नये आणि निर्णयाला मुदत असावी. आमच्याकडे ती मुदत कृष्णेनं घातली होती.

विनोदी कथेला हे लागू नाही, तिथं पाट्या चालतात. आणि दोन्ही बाजू नेहमी सारख्या वजनाच्या असतात असंही मी म्हणत नाही. हुंडा मागणाऱ्याची बाजू मला तरी मांडता येणार नाही.

एकांकिका मी परत लिहायला घेतली आहे. म्हशीचं वाक्य पहिल्याच पानावर ठेवलंय.