सातवीतील मुलगी आणि घराचा पाया

ताई, सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरात आपल्या घराच्या पायाची खोदाई सुरू आहे, सातवीतील मुलगी शाळा सुटली की तेथेच रमते, आणि तिला आर्किटेक्ट करावे की इंजिनिअर हे आत्ताच ठरवून त्या दृष्टीने क्लास लावावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे. क्लास लावू नये आणि पदवीचे नावही इतक्यात ठरवू नये. मात्र इतके व्यवसाय एकाच जागी चालू असताना पाहण्याची ही संधी दवडू नये.

सोलापूर परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून पाया खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा लागतो. ‘एवढे खोल कशासाठी?’ हा प्रश्न तिलाच इंजिनिअरना विचारू द्यावा. खोदाईनंतर पायावर भिंतींची आखणी होईल, त्या दिवशी तर तिला आवर्जून न्यावे. कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट मोजून, तिरके अंतर बरोबर पाच फूट भरते का, हे मिस्त्री पाहतात. ते भरले तरच कोपरा काटकोनात. पायथागोरसचा सिद्धांत याहून चांगला कोठे शिकता येईल, असे मला वाटत नाही.

तिने एक वही ठेवावी आणि दर खेपेला एकाच माणसाविषयी लिहावे: तो काय ठरवतो, त्याच्याआधी कोणाचे काम झालेले असावे लागते, आणि तो चुकला तर काय बिघडते. स्लॅब ओतण्यापूर्वीच वायरमनला सळ्यांमधून पाइप टाकून ठेवावे लागतात, हे एकदा पाहिले की नियोजन म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. काही महिन्यांनी वही आपण वाचावी. तिचे प्रश्न सळ्या आणि वजनाकडे वळतात, की जुन्या घरातले माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, उन्हाळ्यातही गार का राहते याकडे, की मजुरी आणि सिमेंटच्या हिशेबाकडे, यावरून तिचा कल मार्कांपेक्षा अधिक खरा कळेल.

मार्ग पुढे अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अथवा तीन वर्षांची स्थापत्य पदविका; बारावीनंतर चार वर्षांची अभियांत्रिकी किंवा पाच वर्षांची वास्तुकला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सूचना आहे; तेव्हा वर्गशिक्षकांनाही हे बांधकाम सुचवून पाहावे.

मुलांनी तेथे पाहायचे आणि विचारायचे, काम करायचे नाही. खड्ड्याच्या कडेला आणि सेंट्रिंगखाली, म्हणजे स्लॅबला दिलेल्या तात्पुरत्या आधाराखाली, तिला अजिबात उभे राहू देऊ नये.

‘मुलीने गवंड्यांत काय बसायचे’ असे यजमान म्हणतात, हे वाचून वाईट वाटले. एका संध्याकाळी त्यांनीच तिला मिस्त्रींकडे न्यावे, ‘भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला ओळंबा कसा धरायचा ते हिला दाखवा’ अशी विनंती करावी आणि स्वतःही शेजारी उभे राहावे.