पाच गट आणि धान्याच्या चिठ्ठ्या

प्रश्न : मी नववीत शिकते. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (2008) ही कादंबरी मला फार आवडली. व्हेरॉनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ (2011) मात्र पटली नाही, कारण माणसांची पाच स्वभावगटांत वाटणी होते हेच खरे वाटत नाही. मैत्रिणी म्हणतात, दोन्ही सारख्याच. माझे मत चुकीचे आहे का?

उत्तर : मत चुकीचे नाही; पण तुझा आक्षेप खुद्द ‘डायव्हर्जंट’चाही आहे, कारण तिची नायिका ट्रिस एका गटात मावत नाही आणि शीर्षकही त्यावरूनच आले आहे. मला खटकते ते निराळेच : कुठल्याही साध्या माणसात असणारी सरमिसळ येथे दुर्मीळ गुण ठरते. (वाचकाला आपणही तसेच आहोत असे वाटून जाते, हा भाग वेगळा.) ‘हंगर गेम्स’मध्ये मात्र अन्याय हिशेबासारखा मांडला आहे. वर्षभराच्या धान्यातेलाच्या मोबदल्यात जिवावरच्या खेळासाठी मुले निवडणाऱ्या सोडतीत आपल्या नावाची एकेक चिठ्ठी वाढवत गेलेल्या सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, 20 चिठ्ठ्या झालेल्या असतात, आणि त्यामुळे गरिबी व मृत्यू यांचे नाते लेखिकेला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मैत्रिणींना हा चिठ्ठ्यांचा भाग पुन्हा वाचायला सांग.